पेनेलोपीच्या हातात नक्की काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या वाचनगटात ओडिसी वाचतोय. पेनेलोपीला सगळे हुशार, शहाणी म्हणतात, पण मला ती फक्त रडताना, झोपताना आणि जिना चढून वर जाताना दिसते. मुलाने दटावलं की गप्प बसते. तिच्या हातात खरंच काही होतं, की आपणच आजच्या नजरेने तिच्यात काहीतरी शोधतोय?"

तुम्ही जे पाहिलंत ते चुकीचं नाही हे आधी सांगते. ती रडते, झोपते, वर जाते, हे सगळं टेक्स्टमध्ये आहेच. (ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: ओडिसी हे होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य. इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला गेलेला, वीस वर्षं परतलेला नाही. घरी बायको पेनेलोपी, मुलगा टेलेमॅकस, आणि तिच्याशी लग्न करायला टपलेले पुरुष. शेवटी तो भिकाऱ्याच्या वेषात परततो आणि धनुष्य हाती घेऊन त्यांना मारतो.) मी ग्रीक शिकवते, वीसेक वर्षं झाली, दरवर्षी नव्या मुलांबरोबर होमर मूळातून वाचायला बसते आणि हा प्रश्न आला नाही असं एकही वर्ष आठवत नाही. मला स्वतःला याचं उत्तर सापडायला बराच वेळ लागला, कारण मीही सुरुवातीला चुकीची गोष्ट शोधत होते. ती कुठे जिंकते, कुठे कुणाला गप्प करते, असे सीन शोधत होते, आणि ते फार मिळत नाहीत. मग एकदा प्रश्न उलटा करून बघितला. तिने "हो" म्हटलं तर काय होईल? "नाही" म्हटलं तर काय होईल? तिथून सगळं उलगडायला लागलं.

"हो" म्हटलं तर नको असलेल्या माणसाशी लग्न, घर सोडायचं, आणि नवरा जिवंत निघाला तर तिची गत काय ते न बोललेलंच बरं. "नाही" म्हटलं तर घरात मागणी घालणारे 108 पुरुष ठाण मांडून बसलेत. हा आकडा सोळाव्या सर्गात टेलेमॅकस स्वतः बापाला बेटांप्रमाणे मोजून सांगतो, दुलिखिऑनचे 52, सामीचे 24, झाकिंथोसचे 20 आणि इथाकाचे 12. ते सगळे एकदम बिथरले तर मुलाचा जीव जाईल (तसा कट ते नंतर करतातच). म्हणजे "हो" तिला परवडत नाही आणि "नाही"ही परवडत नाही. तिच्या हातात उरतं ते फक्त "अजून नाही". माझं म्हणणं एवढंच आहे की पेनेलोपीची सगळी लढाई या "अजून नाही"वर ताबा ठेवण्याची आहे, आणि ओडिसीत ती लढाई धनुष्याच्या लढाईइतक्याच बारकाईने रंगवलेली आहे, फक्त ती घरात चालते आणि हळू चालते म्हणून आपली नजर तिच्यावरून घसरते.

आता तुम्हाला खटकलेला सीन घेऊ. पहिल्याच सर्गात फेमिअस नावाचा गायक ट्रॉयहून परतणाऱ्यांच्या हालांचं गाणं गातोय, वरच्या मजल्यावर तिला ते ऐकू येतं, ती दोन दासी घेऊन खाली येते, पदर तोंडावर ओढून खांबापाशी उभी राहते आणि रडत म्हणते, हे बंद कर, दुसरं काहीतरी गा. त्यावर टेलेमॅकस म्हणतो, तू वर जा, माग आणि सूतकताई बघ, बोलणं हे पुरुषांचं काम, त्यातही माझं, कारण या घरात ताबा माझा आहे. ताब्यासाठी इथे जो शब्द आहे तो "क्रातोस", डेमोक्रसीतली "क्रसी" त्याचीच. ती थक्क होते आणि वर जाते.

वाचताना हे कानफटात मारल्यासारखं लागतं हे खरंय. पण ओळ नीट बघा. हा तयार साचा आहे, होमर तो एक शब्द बदलून पुन्हा पुन्हा वापरतो. इलियडच्या सहाव्या सर्गात हेक्टर बायकोला, अँड्रोमाखीला, माग आणि सूतकताईकडेच पाठवतो आणि म्हणतो "लढाई" हे पुरुषांचं काम. ओडिसीच्या अकराव्या सर्गात अरेटी राणी बोलून गेल्यावर राजा अल्किनोअस म्हणतो "पाहुण्याची पाठवणी" हे पुरुषांचं काम, ताबा माझा. एकविसाव्या सर्गात टेलेमॅकस परत आईला तेच म्हणतो, तिथे शब्द आहे "धनुष्य". लढाई, पाठवणी, धनुष्य समजू शकतो, पण "बोलणं"? होमरच्या जगात बायका भरपूर बोलतात, तीच अरेटी भर दरबारात बोलते. अलेक्झांड्रियाच्या जुन्या विद्वानांनाही या ओळी पहिल्या सर्गात खटकल्या होत्या. मी याचा अर्थ असा लावते की विशीतला पोरगा नुकताच मोठ्या माणसासारखं बोलायला शिकतोय आणि हातात आलेलं वाक्य जरा जास्तच ताणतोय. आणि ताबा माझा म्हणतो तर तो त्याचा आहे का? दुसऱ्याच सर्गात भर सभेत तो कबूल करतो की या लोकांना हाकलायची ताकद माझ्यात नाही आणि रडून राजदंड जमिनीवर फेकतो. म्हणजे घरात मालक कोण हेच ठरलेलं नाही, आणि तिची जागा नेमकी तिथे आहे.

ही गोष्ट जरा खोलात सांगते कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. पेनेलोपीचं लग्न लावायचा अधिकार कुणाचा? मागणी घालायला आलेले म्हणतात टेलेमॅकसने तिला माहेरी पाठवावं, तिचा बाप इकारिअस बघून घेईल. टेलेमॅकस म्हणतो मी आईला घराबाहेर काढलं तर इकारिअसला भरपाई द्यावी लागेल, शिवाय तिचे शाप लागतील. पंधराव्या सर्गात अथीना देवी सांगते की बाप आणि भाऊ आधीच तिच्या मागे लागलेत की मागणी घालणाऱ्यांपैकी युरिमॅकसशी लग्न कर म्हणून. आणि अठराव्या सर्गात ती स्वतः सगळ्यांसमोर सांगते की ओडिसियस जाताना माझा उजवा हात धरून म्हणाला होता, पोराला दाढी फुटली की तुला हवा त्याच्याशी लग्न कर. नवरा, मुलगा, बाप, तिघांपैकी नक्की कुणाचं चालतं याचं एकच उत्तर काव्यात नाही. नवरा मेला असेल तर एक नियम लागू, जिवंत असेल तर दुसरा, मुलगा वयात आला असेल तर तिसरा. आणि हे तिन्ही दरवाजे अर्धवट उघडे आहेत तोवरच ती उंबऱ्यात उभी राहू शकते. एकही पक्का बंद झाला किंवा सताड उघडला की तिची जागा संपली. नवऱ्याच्या त्या निरोपाचं बघा, तो ऐकणारी ती एकटी, दुसरा साक्षीदार नाही. तो खरा की तिने तिथेच रचलेला, हे कवी सांगत नाही.

आता माग. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून सगळे तिच्यावरून भरभर जातात, तुम्ही जाऊ नका. ओडिसीत ती तीनदा येते, दुसऱ्या सर्गात मागणी घालणाऱ्यांपैकी अँटिनोअस चिडून सांगतो, एकोणिसाव्यात ती स्वतः सांगते, चोविसाव्यात त्यांच्यातल्याच मेलेल्या अँफिमिडॉनचं भूत पाताळात सांगतं. ती त्यांना म्हणते, ओडिसियस मेलाच आहे, घाई करू नका, सासऱ्याचं, लाएर्टीसचं कफन विणून होऊ द्या, नाहीतर माझं सूत वाया जाईल आणि गावातल्या बायका नावं ठेवतील की एवढं कमावलेल्या म्हाताऱ्याला शेवटी कापडही नाही. किती पक्कं कारण निवडलंय बघा. सासऱ्यासाठी सून राबतेय, याला नाही कोण म्हणणार? नवरा मेलाय हे ती आपल्याच तोंडाने कबूल करून टाकते, म्हणजे त्यांना वाटतं आता झालंच. आणि कापडाबद्दल दोन शब्द येतात, तलम आणि खूप मोठं. तलम आणि मोठं म्हणजे वेळ लागणारच, तोही आधीच ठरवून ठेवलेला.

तीन वर्षं ती दिवसा विणते आणि रात्री मशाली लावून उसवते. मी बरीच वर्षं "उसवते" हा शब्द वर्गात नुसता वाचून पुढे जायचे. मग एकदा युरोपात एका वर्कशॉपमध्ये त्या काळच्या पद्धतीच्या उभ्या मागावर दोन दिवस बसले, बसले म्हणजे उभीच होते, कारण तो माग भिंतीला तिरका टेकवलेला असतो, ताण्याचे धागे वरून खाली लोंबतात, त्यांच्या टोकांना मातीची वजनं बांधलेली असतात, आणि विणणारी बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते. होमर विणणाऱ्या बाईसाठी मागापाशी "येरझाऱ्या घालणारी" असंच म्हणतो. कापड वरून खाली वाढत जातं, बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, प्रत्येक ओळ वर ठोकून बसवायची. दिवसभरात माझं जेमतेम वीतभर झालं. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मला ते उसवायला लावलं आणि मला वाटलं होतं धागा ओढला की सर्रकन निघेल. तसं काही होत नाही. लोकरीचे तंतू एकमेकांना धरून बसतात, शेवटची ओळ आधी, मग तिच्या आधीची, अशा उलट्या क्रमाने दर वेळी ताण्याचे धागे वेगळे करून बाणा बाहेर काढावा लागतो, जोरात ओढलं तर ताणा पिंजतो, आणि पिंजला की दुसऱ्या दिवशी कुणालाही दिसतं. मला विणण्यापेक्षा उसवताना जास्त लक्ष द्यावं लागलं. ती हे मशालीच्या उजेडात करत होती, आवाज न करता, मातीची वजनं एकमेकांवर आपटू न देता, हजारावर रात्री. त्यानंतर मला ती नुसती वाट बघणारी बाई कधीच वाटली नाही.

एकोणिसाव्या सर्गात ती म्हणते, मी "डाव कातते". क्रियापद सूतकामातलं आहे, लोकर गुंडाळून गुंडा करायचं. नवऱ्याच्या डोक्याचं कौतुक पूर्ण काव्यभर चालतं पण ते लाकडी घोडा, तराफा, थापा असं कुठेही जमणारं डोकं आहे. हिला हत्यार म्हणून तेच काम वापरावं लागलं ज्याच्याकडे मुलगा तिला हाकलतो. माग आणि सूतकताई बघ म्हणाला ना तो? तेव्हा ती तेच बघून तीन वर्षं मिळवून बसलेली होती.

पण इथेच तिच्या ताब्याची मर्यादा पण दिसते आणि ही बाजू लपवू नये. तिचा डाव एक दासी फोडते. नाव येत नाही, "एक बाई, जिला पक्कं माहीत होतं" एवढंच. ज्यांना आपण सवयीने दासी म्हणतो त्या गुलाम बायका होत्या, घरात 50, त्यातल्या बारा जणी मागणी घालणाऱ्यांच्या बाजूच्या निघतात आणि बाविसाव्या सर्गात टेलेमॅकस त्या बारा जणींना एका दोराला ओळीने फाशी देतो. त्यातली मेलांथो तर पेनेलोपीने खेळणी देऊन मुलीसारखी वाढवलेली. मालकिणीला "अजून नाही" म्हणता येत होतं, या पोरींना 108 पुरुषांसमोर काय म्हणता येत होतं? पेनेलोपीचा डाव या बायकांच्या गप्प राहण्यावर उभा होता आणि त्यांच्या गप्प राहण्याची किंमत तिने कधी विचारलेली दिसत नाही, एकोणिसाव्या सर्गात ती त्यांना कुत्र्या म्हणते. तिची बाजू घेऊन वाचताना मला दर वर्षी इथे थांबावं लागतं. आणि उलट बघा, चौथ्या सर्गात मुलगा न सांगता समुद्रावर गेलेला आणि ते घरात युरिक्लिया या म्हाताऱ्या दाईला माहीत, हिला नाही. माहिती ज्याच्याकडे त्याचा ताबा, आणि ती दोन्ही बाजूंनी गळत होती.

माग उघडा पडल्यावर तिच्याकडे वेळ काढायचं साधन उरत नाही. म्हणून अठराव्या आणि एकोणिसाव्या सर्गात ती वेगळीच वागायला लागते आणि तिथेच बहुतेक वाचक गोंधळतात. अठराव्यात ती नटून सगळ्यांसमोर येते आणि म्हणते, आतापर्यंतची रीत अशी होती की मागणी घालणारे स्वतःची गुरं घेऊन यायचे, भेटी द्यायचे, तुम्ही तर फुकट खाताय. लगेच प्रत्येकजण माणूस पाठवून भेट मागवतो, अँटिनोअसकडून बारा सोन्याच्या पिना लावलेलं भरजरी वस्त्र, युरिमॅकसकडून अंबर जडवलेली सोन्याची साखळी, युरिडॅमसकडून तीन लोलकांची कर्णफुलं. भिकाऱ्याच्या वेषात बसलेला ओडिसियस मनात खूश होतो, कारण ती गोड बोलून माल काढतेय "पण मनात तिचं दुसरंच चाललंय". हीच अर्धी ओळ तिच्याबद्दल दुसऱ्या सर्गात शत्रू म्हणतो आणि तेराव्यात अथीना म्हणते. शत्रू, देवी, नवरा, तिघं म्हणतात तिच्या मनात दुसरंच आहे आणि तिघांपैकी एकही सांगत नाही की ते काय. मी मुलांना म्हणते हे वाक्य पेन्सिलने अधोरेखित करा, कारण कवीने आपल्यालाही तिच्या मनाबाहेरच ठेवलंय.

मग भिकाऱ्याशी रात्रीचं बोलणं, आणि त्याच्या शेवटी ती जाहीर करते की उद्या धनुष्याची परीक्षा, जो ओडिसियसचं धनुष्य वाकवून बारा कुऱ्हाडींतून बाण काढेल त्याच्याबरोबर मी जाईन. आता का? तिने भिकाऱ्याला ओळखलं होतं का? यावर वाचक दोन गटांत वाटले जातात आणि खरं सांगायचं तर तुमचं उत्तर तुम्ही हा सर्ग कसा ऐकता यावर अवलंबून राहील. ओळखलं होतं म्हणणाऱ्यांचा मुद्दा कच्चा नाही, दासी आजूबाजूला आहेत, ती उघड बोलू शकत नाही, स्वप्नातल्या वीस हंसांची गोष्ट (गरुड त्यांना मारतो आणि म्हणतो, मी तुझा नवरा) ती एका अनोळखी भिकाऱ्याला का सांगेल? पण माझं मत उलट आहे. भिकाऱ्याचे पाय धुताना युरिक्लियाला ओडिसियसचा जुना वण दिसतो तेव्हा ती पेनेलोपीकडे बघते आणि अथीनाने पेनेलोपीचं लक्ष मुद्दाम दुसरीकडे वळवलंय असं कवी स्पष्ट म्हणतो. आणि एकविसाव्या सर्गात ती हस्तिदंती मुठीची काशाची किल्ली घेऊन कोठारात जाते, धनुष्य खुंटीवरून काढते, मांडीवर घेऊन बसते आणि मोठ्याने रडते. सोबत तिच्या दासी होत्या, पण ज्याला दाखवावं असं तिथे कोण होतं? ओळखलेल्या माणसासाठी इतकं कोण रडेल. मला वाटतं तिला माहीत नव्हतं, आणि म्हणूनच तो निर्णय मोठा आहे. मुलाला दाढी आली, माग गेला, बाप घाई करतोय, लग्न टळत नाही, मग निदान अट आपली ठेवावी, आणि अट अशी की नवऱ्याच्या तोडीचा नसेल तो बादच होईल. ती उत्तर बदलू शकत नव्हती पण परीक्षेचा पेपर तिने काढला.

आणि याचं श्रेय कुणाला मिळतं तेही बघाच. चोविसाव्या सर्गात अँफिमिडॉनचं भूत सांगतं की ओडिसियसने कावा करून बायकोला धनुष्य ठेवायला सांगितलं. आपण एकोणिसावा सर्ग वाचलाय, आपल्याला माहितीये की कल्पना तिची, तो फक्त "उशीर करू नकोस" म्हणाला. ते ऐकून अगामेम्नॉन, ट्रॉयच्या युद्धातला सेनापती, जो आता स्वतःही पाताळात आहे, पेनेलोपीची कीर्ती अमर म्हणून गातो, आणि तीही "भाग्यवान आहेस, ओडिसियस" अशी सुरुवात करून.

तेविसावा सर्ग सगळ्यात हळू वाचा. मागणी घालणारे सगळे मेलेत, युरिक्लिया नाचत उठवायला येते, नवरा समोर बसलाय, मुलगा चिडून म्हणतो काय दगडाचं काळीज आहे तुझं. आता तिच्यावर "हो" म्हणायचा सगळ्यात मोठा दबाव आहे, आणि ती इथेसुद्धा "अजून नाही" म्हणते. युरिक्लियाला सहज सांगते, यांचा पलंग खोलीबाहेर काढून अंथरूण घाल. आणि अख्खं काव्य दुसऱ्यांची परीक्षा घेत फिरलेला माणूस भडकतो, माझा पलंग हलवला कुणी? तो त्याने अंगणातल्या जित्या ऑलिव्हच्या बुंध्यावर बांधलेला, मुळासकट जमिनीत असलेला, हलणारच नाही असा. तो फसला आणि तिने ओळखलं. त्यानंतरची उपमा तर बघाच, बुडालेल्या गलबतातून मीठ अंगावर साचलेले लोक पोहत किनाऱ्याला लागतात तेव्हा जमीन कशी वाटते, तसा तिला तो वाटला. समुद्रात पुन्हा पुन्हा बुडता बुडता वाचलेला तो, आणि उपमा मिळाली तिला. मला नाही वाटत कवीने यापेक्षा स्पष्ट सांगायला हवं होतं की घरातली लढाईही तेवढीच होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून असं की हो, तिच्या हातात एक गोष्ट होती, प्रश्न उघडा ठेवण्याची, आणि ती तिने शत्रू, मुलगा, माहेर, शेवटी नवरा, सगळ्यांविरुद्ध वापरली. आणि प्रश्न बंद झाला की ती सत्ताही संपते, हेसुद्धा काव्य दाखवतं. पुढच्या वेळी गटात बसाल तेव्हा तेविसावा सर्ग पलंगापाशी थांबवू नका, शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या सकाळी ओडिसियस बापाला भेटायला निघताना तिला म्हणतो, तू शहाणी आहेस तरी सांगतो, दासींना घेऊन वर जा, बसून राहा, कुणाकडे बघू नकोस, कुणाला काही विचारू नकोस. ती काय म्हणाली ते होमर देत नाही. पुढच्याच ओळीत तो खांद्यावर चिलखत चढवतो.